क्वालिसची गंजलेली डिझेल लाइन बदलून घेतली, दीड वर्ष आणि दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू मी मुद्दाम उशिरा लिहितेय. काम झालं मे २०२४ मध्ये, पण गाडीच्या खालचं काम कसं झालंय ते कोकणात पावसाळा गेल्याशिवाय कळत नाही. आता दोन गेलेत, परवाच गाडी परत गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेऊन टॉर्च मारून सगळं बघून आले, म्हणून आज बसले लिहायला.

गाडी आमची टोयोटा क्वालिस, २००३ ची, २४४६ सीसीचं साधं बिनटर्बो डिझेल इंजिन. बाबांनी नवीन घेतलेली. तीन लाखांच्या वर किलोमीटर झालेत, २०१८ ला आणि परत २०२३ ला पासिंग करून घेतलंय, आणि घरात कोणीही ती विकायला तयार नाही, मी तर अजिबातच नाही. लग्नाची खरेदी, आजीला कोल्हापूरच्या दवाखान्यात न्यायचं, गणपतीची मूर्ती आणायची, सगळं तिच्यातच झालंय. इंजिन आजही दणदणीत आहे. पण घर आमचं रत्नागिरीजवळ भाट्याला, समुद्र चालत पाच मिनिटांवर, वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, त्यात लाल माती. इंजिन कितीही चांगलं असलं तरी खालचा पत्रा आणि पाइप हळूहळू खाल्ले जातातच.

त्रास सुरू झाला २०२३ च्या दिवाळीत. सकाळी पहिला स्टार्टर मारला की गाडी चालू व्हायची, दहा सेकंद चालायची आणि बंद पडायची. मग खूप वेळ स्टार्टर मारत बसायचं, पांढरा धूर यायचा, अडखळत चालू व्हायची, आणि एकदा चालू झाली की दिवसभर काही नाही. सगळ्यांनी सांगितलं हीटर प्लग, म्हणजे गार इंजिन चालू व्हायला आतून तापवणारे प्लग, गेले असतील. चारही बदलले. फरक नाही. बॅटरी तशीही चार वर्षं जुनी होती, ती बदलली, स्टार्टर जोरात फिरायला लागला पण गाडी तशीच. जानेवारीत साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना गाडी ओढेनाच, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी मेल्यासारखी, मागे ट्रकची रांग, आणि आई शेजारी बसलेली. तेव्हा मात्र मी घाबरले.

मग शहरातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या गॅरेजला दाखवली. नाव घेत नाही. त्यांनी बॉनेट उघडलं, दोनदा स्टार्ट केली आणि सांगितलं डिझेल पंप गेलाय, उतरवून टेस्टिंगला पाठवायचा, २८ हजार धरून चला. खाली कोणी वाकून बघितलं नाही. बाबांना ते पटलं नाही, ते म्हणाले पंप गेला असता तर गरम झाल्यावर त्रास जास्त व्हायला हवा, हिला त्रास सकाळी गार असताना आणि तोही रात्रभर उभी राहिल्यावरच होतो. त्यांनी अजून एक गोष्ट बघून ठेवलेली, गाडी अंगणातल्या चढावर नाक वर करून लावली की सकाळी हमखास त्रास, नाक खाली करून लावली तर कमी. आणि टाकी फुल असेल तर त्रास जवळजवळ नाहीच. मला तेव्हा याचा अर्थ लागला नव्हता.

हे काम शेवटी ज्यांनी केलं त्या मेस्त्रींकडे आम्ही ओळखीतून गेलो. मिरजोळे एमआयडीसीत आहेत, शेड छोटी आहे, एक खड्डा, एक मदतनीस मुलगा. नाव इथे टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, फोनवर उत्तरं देण्यातच दिवस जातो म्हणाले, म्हणून टाकत नाही. बाबांनी चढ उतार आणि टाकीची गोष्ट सांगितल्याबरोबर ते म्हणाले, "काका, तुम्हीच निदान केलंत की. गाडी एअर धरतेय."

आता हे एअर धरणं काय असतं ते जरा नीट सांगते, कारण जुन्या डिझेल गाडीवाल्यांचे निम्मे पैसे इथेच वाया जातात. नवीन बऱ्याच गाड्यांमध्ये टाकीच्या आतच पंप असतो, तो इंधन पुढे ढकलतो, म्हणजे लाइन फुटली की बाहेर गळतं, वास येतो, आपल्याला कळतं. आमच्या गाडीत टाकीत पंप नाहीच. इंजिनवरचा जो रोटरी पंप आहे तोच मागून टाकीतून डिझेल ओढून घेतो, आपण स्ट्रॉने शहाळं पितो तसं. स्ट्रॉला वरच्या बाजूला टाचणीएवढं भोक पडलं तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसंच इथे. चालू गाडीत गंजलेल्या भोकातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. आणि रात्री गाडी बंद असली की त्याच भोकातून हवा शिरते आणि लाइनीतलं डिझेल उतरून टाकीत परत जातं, म्हणून सकाळी पंपापर्यंत डिझेलच नाही. नाक वर असेल तर लवकर उतरतं. टाकी फुल असली की डिझेलची पातळी वर, त्यामुळे उतरायला जागा कमी आणि पंपाला ओढायला सोपं. बाबांनी बघितलेलं सगळं बरोबर जुळलं.

आणि हे असंच ढकलत राहू नये याचं कारण पण मेस्त्रींनी सांगितलं. या रोटरी पंपाला आतून वंगण फक्त डिझेलचंच मिळतं, वेगळं ऑइल नसतं त्याला. डिझेलबरोबर हवा जात राहिली तर पंप कोरडा घासतो. म्हणजे पंप तेव्हा गेला नव्हता पण अजून वर्षभर तशीच चालवली असती तर खरंच गेला असता.

मला त्यांचं सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी काहीही बदलायच्या आधी आम्हाला डोळ्यांनी दाखवलं. फिल्टर आणि पंप यांच्या मधला रबरी पाइप काढून तिथे वीतभर पारदर्शक पाइप लावला, गाडी चालू केली, आणि त्यातून बुडबुडे सरसर जाताना दिसले. बाबा स्टुलावरून उठून वाकून बघत होते. मग पाच लिटरचा कॅन घेतला, स्वच्छ डिझेल भरून बॉनेटमध्ये दोरीने बांधला, आणि फिल्टरला येणारी लाइन सोडून त्या जागी कॅनमधून पाइप दिला. एअर काढली, चालू केली, बुडबुडे गायब! म्हणजे फिल्टर, फिल्टरच्या डोक्यावरचा हँड पंप आणि इंजिनचा पंप सगळे सुटले, दोष फिल्टरच्या मागे, म्हणजे लाइनीत किंवा टाकीत. हँड पंपाचा आतला पडदा फाटूनही एअर धरते म्हणे, बऱ्याच गाड्यांत तेच असतं, म्हणून हे आधी बघायचं. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि याचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

नंतर गाडी खड्ड्यावर घेतली. लाइन टाकीच्या बाजूने पण सोडली, एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने अगदी हलकी हवा दिली आणि पाइपभर साबणाचं पाणी लावत गेले. टाकीला हवा द्यायची नाही, फक्त सुट्या लाइनीला, हे त्यांनी त्या मुलाला दोनदा बजावलं. दोन जागी फेस आला. दोन्ही क्लिपांच्या खाली! एक मागच्या ॲक्सलच्या वर जिथे चॅसी वळते तिथे आणि दुसरी ड्रायव्हर सीटच्या साधारण खाली. उघडा पाइप वरून गंजलेला होता पण भोक नव्हतं, भोक पडलं ते क्लिपच्या आत, कारण तिथे लाल माती जाऊन बसते, ओली राहते, वाळतच नाही, मीठ त्यात साठतं. वरून पाण्याने धुतली तरी ती माती निघत नाही. क्लिप काढली तर पाइपाचा पत्रा पापडासारखा सुटून आला. शेजारची रिटर्न लाइन पण तशीच, तिच्यात उरलेलं डिझेल पंपाकडून टाकीकडे ढकललं जातं म्हणून तिच्यातून थोडं बाहेर झिरपत होतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा थर झालेला, तो आम्ही इतके महिने चिखल समजत होतो.

आता दुरुस्ती कशी करायची यावर मी बराच वेळ वाद घातला. माझं म्हणणं खराब तेवढाच तुकडा कापून मध्ये रबरी पाइप घालून दोन क्लिपा मारा, खर्च कमी. ते म्हणाले ताई, करून देईन, तासाभराचं काम आहे, पण उरलेला पाइप पण त्याच वयाचा आहे, पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लिपखाली फुटेल, आणि प्रत्येक जोड म्हणजे एअर धरायची एक नवी जागा. शिवाय ओढणाऱ्या लाइनीत लांब रबर घातलं तर ते आतून मऊ पडल्यावर चिपटून बसतं, उंदीर खातो ते वेगळंच. एम-सीलचं तर त्यांनी नावच काढू दिलं नाही, गंजलेल्या पाइपावर ते पकड धरत नाही. तांब्याचा पाइप? एसीवाल्याकडे मिळतो, हाताने वाकतो, बरेच जण घालतात पण. याला पण नाही म्हणाले, तांब्याने डिझेल लवकर खराब होतं, चिकट गाळ धरतो आणि तो फिल्टरला बसतो, आणि थरथरीने तांबं कडक होऊन तडकतं. हे मी नंतर शोधून वाचलं, बरोबर आहे.

शेवटी दोन्ही लाइनी टाकीपासून फिल्टरपर्यंत अख्ख्या नवीन करायच्या ठरल्या. पार्टच्या दुकानात त्या लांबीचा तयार पाइप स्टॉकला नव्हता, म्हणून बंडी ट्यूब आणून हाताने बनवल्या. बंडी ट्यूब म्हणजे स्टीलची पट्टी दोन वेढे गुंडाळून तांब्याने झाळलेली दुपदरी नळी असते, ब्रेकच्या पाइपाला पण हीच वापरतात. जुन्या पाइपाची जाडी व्हर्नियर या मापाने मोजली, सप्लाय ८ मिमी, रिटर्न ६ मिमी. स्टेनलेसचा पर्याय पण दिला होता, पण तो वाकवायला कठीण, टोकं करायला त्यांच्याकडे तसं हत्यार नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं. येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

जुनी लाइन तुकडे न करता शक्य तेवढी अख्खी काढली आणि फरशीवर ठेवून तिच्या शेजारी नवीन वाकवली, बेंडर लावून, एकही वळण चेपलेलं नाही. कापायला ग्राइंडर नाही, ट्यूब कटर, ठिणगी नको आणि कीस पण आत जायला नको म्हणून. कापल्यावर आतून साफ करून हवा मारली. टोकाला जिथे रबर चढतं तिथे बाहेरून फुगवटा काढला, म्हणजे रबर निसटत नाही आणि हवा पण धरत नाही. नुसत्या सपाट टोकावर रबर चढवून क्लिप आवळणारे खूप बघितलेत मी, ते वर्षभरात सुटतात. रबराच्या जोडांना त्यांनी डिझेलचा होज वापरला, त्यावर एसएई जे ३० आर ९ हा इंधनाच्या होजचा दर्जा छापलेला मी स्वतः वाचला. साधा पाण्याचा किंवा तो पारदर्शक पाइप कायमचा ठेवायचा नाही, तो डिझेलने कडक होतो. क्लिपा पण पत्र्याला खाचा असलेल्या नाही घेतल्या, त्या रबर कापतात, कडा वळवलेल्या घेतल्या.

रंग हा भाग मला वाटलं त्यापेक्षा जास्त महत्त्वाचा निघाला. फिट करायच्या आधी दोन्ही पाइपांना प्रायमर आणि वर काळ्या रंगाचे दोन हात, आणि जिथे क्लिप येणार तिथे पाइपावर जुन्या होजचा तुकडा चिरून गुंडाळला, तो पण ग्रीस लावून. माती तिथे बसूच नये यासाठी. जुन्या क्लिपा फेकल्या, नव्या लावल्या. टाकी उतरवली होतीच तर आतला गाळ काढला, बशीभर काळं पाणी निघालं, ते बघून मला धसका बसला.

आणि हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. डिझेल लाइनीच्या शेजारूनच मागच्या ब्रेकचा पाइप जातो. त्यांनी तो पण पुसून नखाने खरवडून दाखवला, ॲक्सलजवळ तो अर्धा खाल्लेला होता. आम्ही ब्रेकची तक्रार केलीच नव्हती, कारण ब्रेक लागत होते! तो फुटला असता आंबा घाट उतरताना तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. तो पूर्ण बदलला, दोन्ही टोकांना डबल फ्लेअर, म्हणजे पाइपाची कड पसरवून दुपदरी दुमडलेली. ब्रेकच्या पाइपाला मध्ये रबर किंवा जोडाचा नट घालून कोणी देत असेल तर तिथून गाडी उचलून न्या, कितीही स्वस्त असो. तुमची डिझेल लाइन गंजली असेल तर ब्रेकची पण तितकीच गंजलेली आहे असं समजूनच जा, दोन्ही एकाच चिखलात राहतात.

बिल सांगते. दोन्ही लाइनींचे पाइप २,२००, होज आणि क्लिपा ९००, चॅसीवरच्या क्लिपा ३५०, डिझेल फिल्टर ६००, मजुरी ३,५००, मिळून ७,५५०. ब्रेकचा पाइप आणि ब्रेक ऑइल वेगळे १,१००. जिथे २८ हजारांचा पंप सांगितला होता तिथे हे झालं.

आता जे पटलं नाही ते पण लिहिते. दोन दिवस सांगून पाच दिवस लावले, आणि मधले दोन दिवस फोन उचलला नाही. आमच्याकडे दुसरी गाडी नाही, आईला रोज रिक्षाने न्यावं लागलं. अशा वेळी एक फोन करायला काही जात नाही. बिल वहीच्या कागदावर, छापील हवं असेल तर मिळत नाही. आणि घरी आणल्यावर चौथ्या दिवशी खडबडीत रस्त्याला खालून टकटक आवाज यायला लागला, एका जागी रिटर्न लाइन चॅसीला लागत होती, मधली एक क्लिप राहून गेलेली. परत नेली तर दहा मिनिटांत लावून दिली, चूक माझी म्हणाले, पैसे नाही घेतले. पण ती जाताना मीच तपासायला हवी होती असं मला वाटतं, खाली लाइन घासत राहिली तर रंग जाऊन परत गंज तिथूनच सुरू.

काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी मुद्दाम अंगणात नाक वर करून लावली, टाकीत डिझेल पावच्या खाली. सकाळी बाबा आणि मी दोघं गेलो. हीटरचा दिवा विझला, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात चालू आणि बंद पडली नाही. बाबा पाच मिनिटं तशीच चालू ठेवून शेजारी उभे राहिले, काही बोलले नाहीत. त्यानंतर आजपर्यंत एकदाही एअर धरलेली नाही. आंबा घाट चार वेळा चढून आले, भरल्या गाडीने.

परवा खड्ड्यावर बघितलं तर पाइप काळेभोर आहेत, मागच्या चाकाजवळ दगड लागून एका जागी रंग उडालाय तिथे तांबूस डाग आलाय, तो घासून परत रंगवून घेतला, ५० रुपये. एक क्लिप काढून बघितली, रबराखालचा पाइप नवा कोरा. मध्ये मी जे केलं ते एवढंच, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालून साध्या पाण्याने माती काढायची, फोर्स जास्त नाही, आणि सप्टेंबर संपला की क्लिपांच्या आसपास हाताने साफ करायचं. आमच्याकडे पावसाआधी खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, पत्र्याला ठीक आहे पण डिझेलच्या होजवर आणि बुशांवर ते उडू द्यायचं नाही, रबर फुगतं. फिल्टरखालचा नट सैल करून दर महिन्याला पाणी काढते, पूर्वी चमचाभर निघायचं, टाकी साफ झाल्यापासून जवळजवळ नाहीच.

निदान आणि पाइपाच्या कामाला माझ्याकडून पाचपैकी पाच, वेळ पाळण्याला दोन. क्वालिस, सुमो, जुनी बोलेरो, कुठलीही जुनी साधी डिझेल असेल आणि सकाळी असाच त्रास देत असेल तर पंप उघडायच्या आधी कुठल्याही मेस्त्रीला कॅनवर चालवून दाखव म्हणा, जो दाखवायला तयार नसेल त्याच्याकडे पंप देऊ नका. आणि या मेस्त्रींकडे जायचं असेल तर एप्रिलमध्येच जा, मे अखेरीला पावसाआधीची गर्दी असते, आणि जाताना टाकी रिकामी करत आणा, भरलेली टाकी उतरवायला त्यांना शेजारच्या शेडमधून दोन माणसं बोलवावी लागतात आणि मग त्यातच अर्धा दिवस जातो.